भरलेली वाटी

खारूच्या आईने काळजी करण्यातच पहिला वर्ग मिळवला होता, असं तिचा नवरा चारचौघांत सांगायचा. खरं म्हणजे तिचा विषय मानसशास्त्र होता, आणि पदवीचा कागद फ्रिज नि मिक्सरच्या हमीपत्रांच्या फाईलमध्ये सुखरूप होता. पण नवऱ्याचं अगदीच चूक नव्हतं. पाच वर्षांची खारू जेवायला बसली की ही समोर ठाण मांडायची. किती घास पोटात गेले, किती नुसते गालात जाऊन बसले, याच्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा. खारूला खारू हे नाव त्या गालांमुळेच पडलं होतं. घास गिळायचा सोडून ती तो गालात साठवून ठेवायची आणि खारीसारखी खिडकीबाहेर बघत बसायची.

अशा बाईच्या घरात, तिच्या डोळ्यांदेखत, भरल्या वाटीपुढे दोन जीव उपाशी राहिले. ही गोष्ट त्याची आहे, आणि त्याहून जास्त, त्यानंतर ती जे बोलली त्याची.

खालच्या मजल्यावर घड्याळकाका राहायचे. दुकान कधीच बंद झालं होतं, पण खिडकीखालचं टेबल, चिमटे, डोळ्याला लावायचं भिंग सगळं जागच्या जागी होतं. आता त्या टेबलावर घड्याळं उघडली जात नसत. तिथं दोन पोपट शिकत. मोठे नव्हेत, मुठीत मावतील एवढाले. निळा तो पोस्टमन आणि हिरवा-पिवळा तो कारकून. पोस्टमन डब्यातली चिठ्ठी चोचीत धरून, टेबल चालत पार करून, घड्याळाच्या खोक्याच्या पेटीत टाकायचा. कारकून सायकलच्या घंटीची टोपी ठोकायचा, तीही दोनदाच. तिसऱ्यांदा ठोकली तर दाणा नाही.

खारू परक्या माणसांसमोर तोंडातून शब्द काढायची नाही. बालवर्गात वर्ष झालं तरी बाईंना तिचा आवाज माहीत नव्हता. पण काकांच्या टेबलाशी उभी राहिली की ती पोपटांशी मनसोक्त बोलायची. त्यामुळे काकांचं खुब्याचं ऑपरेशन ठरलं आणि पुढचे तीन आठवडे ते लेकीकडे राहणार म्हणाले, तेव्हा खारूची आई न विचारताच म्हणाली, "काका, पोपट आमच्याकडे राहू देत."

"तुला जमेल?"

"वहीत लिहून घेते."

"वहीत लिहून पोपट सांभाळणारी तू पहिलीच," काका हसले. पण वही बघून त्यांना बरं वाटलं असावं, कारण ते अगदी सावकाश सांगू लागले. "हे बघ, आधी काडीचं टोक दाखवायचं. टोकाला चोच लागली की जिभेने टक् करायचं आणि लगेच दाणा. टक् उशिरा केलंस तर शाबासकी कशाची ते त्याला कळत नाही. दिवसातून एकदा, दहा मिनिटं. त्याआधी तासभर वाटी बाहेर काढायची, तालीम झाली की वाटी आत. आणि रोज सकाळी वाटी फुंकायची. हा भाता पण ने."

तो घड्याळातली धूळ उडवायचा रबरी भाता होता. खारूच्या आईला हसू आलं, ते तिने आतल्या आत दाबलं. काका सगळंच फुंकायचे. चष्मा, चहा, बसायच्या आधी खुर्चीसुद्धा. तिने लिहिलं, 'वाटी फुंकणे', आणि शेजारी छोटंसं प्रश्नचिन्ह काढलं. विचारणार होती. पण तेवढ्यात बाहेरून काकांच्या लेकीने हाक मारली, "बाबा, गाडी थांबलीय!" आणि विचारायचं राहून गेलं. नंतर फोन करून एवढीशी गोष्ट विचारायची म्हणजे उगाच येडपटपणा वाटला असता. प्रश्नचिन्ह तिथंच राहिलं.

भाता तिने पिंजरा ठेवला त्या फळीच्या कोपऱ्यात ठेवून दिला.

खारूलाही काहीतरी काम हवं, म्हणजे तिच्यात आत्मविश्वास येईल, असं आईला वाटलं. कॉलेजात शिकलेलं असं मधूनच वर यायचं. तिने खारूला कागदाचा बिल्ला करून दिला. "तू आजपासून वाटीसाहेब. रोज सकाळी वाटी बघायची, रिकामी झाली की मला येऊन सांगायचं."

"सलाम ठोकून?"

"सलाम ठोकून."

पहिले चारपाच दिवस पोपट नुसते बसून राहिले. नवी जागा, नवी माणसं. टोकाला चोच लावणं दूरच, पोस्टमन काडी दिसली की पाठ फिरवायचा. नवरा ऑफिसमधून आला की विचारायचा, "काय म्हणतो तुमचा विद्यार्थी? नापास?" तिला ते फार लागायचं. नोकरी सोडून तिला पाच वर्षं झाली होती. त्या पाच वर्षांत तिने जे जे केलं, त्याचा निकाल कुठं लागतच नव्हता. खारूच्या गालातला घाससुद्धा अजून गालातच होता.

आणि मग आठवड्याच्या शेवटी जादू झाल्यासारखं झालं. एका सकाळी काडी नुसती पुढे केली आणि पोस्टमन धावत आला. टक्, दाणा. पुन्हा. टक्, दाणा. कारकून तर काडी सोडून तिच्या बोटावरच चढून बसला. तिने तालीम दिवसातून दोनदा केली, मग तीनदा, मग चारदा. जितक्या वेळा बोलवावं तितक्या वेळा ते हजर, पिसं अंगाशी घट्ट, डोळे तिच्या मुठीवर. पोस्टमन चिठ्ठी टाकून झाल्यावर गोल गिरकी घ्यायला शिकला. कारकून लाल बटण लाल झाकणात आणि पांढरं बटण पांढऱ्या झाकणात टाकायला लागला. तिने काकांना व्हिडिओ पाठवला. काकांचं उत्तर आलं, "मला सहा महिन्यांत जमलं नाही ते तू आठ दिवसांत केलंस. कला आहे तुझ्या हातात!"

तो निरोप तिने दिवसातून किती वेळा उघडून वाचला हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

रोज सकाळी वाटीसाहेब टाचा उंचावून पिंजऱ्यात डोकावायची आणि सलाम ठोकायची. "वाटी भरलेली आहे, साहेब!" आईही नजर टाकायची. खरंच, काठोकाठ. मधे एकदा थोडं सांडलं होतं म्हणून तिने वरून चमचाभर राळ्याचे दाणे घातले, तेवढंच. "किती कमी खातात गं हे," ती खारूला म्हणाली. "अगदी तुझ्यावर गेलेत."

खारूला सोडायला गेला तेव्हा नवऱ्याने बालवर्गाच्या बाईंना सहज सांगितलं आणि बाईंनी ते उचलूनच धरलं. शुक्रवारी मुलांसमोर पोपटांचा खेळ करायचा. खारूने चिठ्ठ्या द्यायच्या, आईने काडी धरायची. "निदान त्या निमित्ताने आमच्याशी बोलेल तरी," बाई म्हणाल्या.

शुक्रवारी वर्गाच्या मधोमध बुटकं टेबल, भोवती पस्तीस मुलं मांडी घालून. खारूने पहिली चिठ्ठी पुढे केली, पोस्टमनने ती नेली, पेटीत टाकली, गिरकी घेतली. मुलांनी टाळ्यांनी वर्ग डोक्यावर घेतला. खारू वळून आईकडे बघून हसली. आईला वाटलं, बस्स, हेच हवं होतं. दुसरी चिठ्ठी, तिसरी. कारकूनने घंटी ठोकली. पाचव्या चिठ्ठीला पोस्टमन अर्ध्या टेबलावर थांबला. चिठ्ठी चोचीतून गळली. त्याने पिसं फुलवली, कापसाच्या बोळ्याएवढा गोल झाला, आणि डोळे मिटले.

"झोपला!" एक मुलगा ओरडला. सगळे हसले.

खारूची आई हसली नाही. मूल आजारी पडायच्या आधी त्याचा चेहरा कसा दिसतो ते तिला ठाऊक होतं. पाखराचाही तसाच दिसतो हे तिला तेव्हा कळलं.

बाईंनी वर्ग मदतनीस बाईंवर सोपवला आणि आपल्या गाडीतून त्या तिघांना, म्हणजे आईला, खारूला आणि पिंजऱ्याला, प्राण्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. दवाखान्याची खोली लहान. टोपलीत मांजर घेतलेली एक बाई, म्हाताऱ्या कुत्र्याला मांडीवर घेतलेले एक गृहस्थ. पाखराची अवस्था बघून त्यांनी यांना आपल्या आधी आत जाऊ दिलं. तपासायच्या खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा होता, तोही बाजूला सारलेला.

डॉक्टरांनी पोस्टमनला हातात घेतलं, अंगठा त्याच्या छातीवरून फिरवला. मग कारकूनलाही तसंच.

"छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं लागतंय. दोघांचंही. किती दिवस उपाशी आहेत?"

"उपाशी?" खारूची आई म्हणाली. "नाही हो डॉक्टर. वाटी रोज भरलेली असते."

"बघू."

तिने पिंजऱ्यातून वाटी काढून दिली. काठोकाठ भरलेली. डॉक्टरांनी ती तोंडाजवळ नेली आणि फुंकर मारली.

वाटीतलं सगळं उडालं. पिवळट, हलकं, पापुद्र्यासारखं. टेबलावर, डॉक्टरांच्या बाहीवर, जमिनीवर. तळाशी पाचसात दाणे राहिले.

"फोलपटं," डॉक्टर म्हणाले. "हा पक्षी दाणा सोलतो, आतलं खातो आणि साल तिथंच टाकतो. माणसाला वाटी भरलेली दिसते. दर महिन्याला एखादा तरी येतो असा माझ्याकडे. तुम्ही हातानं काही देत होता का?"

"तालमीत... एकेक दाणा."

"मग त्यावरच जगले म्हणायचे." त्यांनी ड्रॉपर उचलला. "पिंजऱ्याचं घरात कोण बघतं?"

आता इथं थांबायला हवं, कारण पुढे जे झालं ते एका श्वासात झालं, आणि त्या श्वासाचा हिशेब तिला नंतर कितीतरी दिवस लागेना.

प्रश्न साधा होता. डॉक्टर तिच्याकडे बघतही नव्हते, ड्रॉपरमध्ये पातळ पेज भरत होते. पण बाई बघत होत्या. टोपलीतल्या मांजराची बाई मान उंच करून बघत होती. आणि वहीतलं ते प्रश्नचिन्ह तिच्या डोळ्यांसमोर एवढं मोठं होऊन उभं राहिलं, की तिला वाटलं ते सगळ्यांनाच दिसतंय. तिचं तोंड उघडलं.

"वाटीचं हिच्याकडे असतं," ती म्हणाली, आणि तिचा हात खारूच्या खांद्यावर गेला. "मी तिला सांगितलं होतं, रिकामी झाली की सांग म्हणून."

यातला शब्दन् शब्द खरा होता. अडचण तीच होती.

डॉक्टर भला माणूस. ते खारूसमोर उकिडवे बसले. "बाळा, नुसतं बघून भागत नाही हं. फुंकून बघायचं. आपण पोटभर जेवायचं आणि त्यांना उपाशी ठेवायचं, असं करायचं का?"

जी मुलगी परक्या माणसाला कधी हूं की चूं करत नव्हती, ती म्हणाली, "नाही."

"शहाणी," डॉक्टर म्हणाले.

"मुद्दाम नाही केलं तिनं," बाई म्हणाल्या आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. वर्षभरात बाईंना खारूचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला तो हा.

आईने काय केलं? खारूच्या केसातली क्लिप सुटली होती, ती नीट लावली.

घरी बुटांच्या खोक्यात जुना टॉवेल, वर बल्ब, दर दोन तासांनी ड्रॉपरने पेज. ती सगळं बिनचूक करत होती. घड्याळाकडे बघत, वेळ लिहून ठेवत. पोस्टमन पेज गिळत होता. डॉक्टर म्हणाले होते, गिळतोय म्हणजे वाचेल. नवरा आला तेव्हा तिने त्याला तेच सांगितलं जे डॉक्टरांना सांगितलं होतं, आणि दुसऱ्यांदा ते कितीतरी सहज तोंडातून आलं.

"अगं, पाच वर्षांची पोर ती," नवरा म्हणाला. "तिच्यावर कसली जबाबदारी टाकतेस?" आणि त्याने खारूला उचलून घेतलं. "होतं गं असं. बाबा ऑफिसात केवढ्या चुका करतात!"

म्हणजे बोल लागला तो जास्त जबाबदारी टाकण्याचा. तो तिने मान खाली घालून ऐकून घेतला. खऱ्यापेक्षा तो बराच हलका होता.

काकांचा निरोप आला. "आज शाळेत कार्यक्रम ना? व्हिडिओ पाठव." तिने बुधवारचा पाठवला. खोक्यात पोस्टमन डोळे मिटून बसलेला, आणि फोनमध्ये तो गिरक्या घेतोय. काकांनी लिहिलं, "शाब्बास!" तिने फोन पालथा घालून ठेवला.

पोपट सुधारत होते. चार दिवसांनी कारकून घंटीकडे बघायला लागला. पण घरात दुसरंच काहीतरी बिघडत होतं, आणि ते बघायला जगात तिच्याइतकं तरबेज कुणी नव्हतं. खारू जेवू लागली. ताट पुढे आलं की मुकाट्याने घास घ्यायचा, चावायचा, गिळायचा. गाल सपाट. पानात काही टाकायची नाही. ताट स्वच्छ झालं की उठून पिंजऱ्यापाशी जायचं आणि वाटी फुंकायची. दिवसातून दहादा, वीसदा. फळीवर, फरशीवर सगळीकडे फोलपटं. पाच वर्षं आईने ज्यासाठी जिवाचा आटापिटा केला होता, ते समोर घडत होतं, आणि ते बघून तिच्याच घशाखाली घास उतरेना.

एकदा दुपारी ती कपडे वाळत घालत होती. बाल्कनीच्या दाराआडून खारूचा आवाज आला. "मी नीट बघितलंच नाही रे पोस्टमन. मी फक्त सलाम ठोकला."

मग ती बाहेर आली. "आई, मी तुला रोज खोटं सांगत होते ना? भरलेली आहे म्हणून?"

आईच्या हातात ओला टॉवेल होता. इतकी सरळ वाट कुणी कुणाला दाखवत नसेल. एवढंच म्हणायचं होतं, नाही गं, फुंकायचं मला माहीत होतं.

"खोटं नाही," ती म्हणाली. "चूक."

"माझी चूक."

ती टॉवेल झटकत राहिली. झटकून झटकून त्यात पाण्याचा थेंब उरला नाही.

काका यायच्या आदल्या दिवशी नवरा म्हणाला, "त्यांना सांगायची काय गरज आहे? पोपट ठणठणीत आहेत. म्हातारा माणूस, नसता ताप." आणि तिला, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं झालं. वही तिने हमीपत्रांच्या फाईलमध्ये पदवीच्या मागे सारली.

रविवारी सकाळी काका काठी टेकत आले. लेक त्यांना सोडून भाजी आणायला गेली. आईने पिंजरा त्यांच्या खिडकीखालच्या टेबलावर नेऊन ठेवला. खारू नि नवराही मागोमाग खाली आले. काकांनी दार उघडलं, बोट पुढे केलं. पोस्टमन चढला. काका कौतुकाने काहीबाही बोलत होते आणि बोलता बोलता त्यांचा अंगठा, सवयीने, त्याच्या छातीवरून गेला. बोलणं थांबलं.

"हाड लागतंय."

त्यांनी अंगठा पुन्हा एकदा फिरवला.

"का गं, हाड का लागतंय याचं?"

खारू पुढे आली. पाठ केलेली कविता म्हणावी तसे हात तिने शरीराशी सरळ धरले होते. "आजोबा, मी वाटीसाहेब होते. मी वाटी फुंकली नाही आणि भरलेली आहे म्हणून सांगितलं. माझ्यामुळे पोस्टमन उपाशी राहिला. सॉरी."

काकांनी तिच्याकडे बघितलं. मग तिच्या डोक्यावरून आईकडे. घड्याळ उघडून बसलेल्या माणसाची नजर होती ती. कुठलं चाक अडलंय ते शोधणारी.

"फुंकायचं हिला तू सांगितलं होतंस?"

नवरा दारात उभा होता. त्याने खांदे उडवल्यासारखं केलं, म्हणजे, राहू दे आता. खारू आपल्या चपलांकडे बघत होती. आणि खारूच्या आईला दिसलं, की आता नुसतं गप्प राहूनही चालणार नाही. नुसती मान हलवली तरी ही पोर आयुष्यभर हे आपलंच म्हणून वागवेल, आणि कधीही, कुणालाही, विचारणार नाही.

"नाही," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला. "हिला नाही सांगितलं. तुम्ही मला सांगितलं होतंत. मी वहीत लिहूनही घेतलं. मला वाटलं, तुम्ही सगळंच फुंकता, तशीच सवय असेल. म्हणून पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि सोडून दिलं. भाता तीन आठवडे फळीवर पडून होता. वाटी रोज मीही बघत होते. हिच्यासोबत."

"अगं, मग..." नवरा म्हणाला.

"थांबा. डॉक्टरांनी विचारलं, पिंजऱ्याचं कोण बघतं. मी हिचं नाव घेतलं. बाई समोर होत्या म्हणून. लाज वाटली म्हणून. आणि तुम्हाला व्हिडिओ पाठवला तो जुना होता, काका."

काकांनी पोस्टमनला हळूच दांडीवर ठेवलं. पिंजऱ्याचं दार लावलं. त्यांनी वाटी बाहेर काढली, फुंकली, परत ठेवली. खूप वेळ घेतला त्यात.

"विचारायचं होतंस," ते शेवटी म्हणाले. "मी फोन उचलला असता."

"हो."

"पोपट उपाशी राहिला, ते मी समजू शकतो. माणसाच्या लक्षात येत नाही." मग त्यांनी एकदा खारूकडे बघितलं. "तू वर जा जरा. पोरगी राहू दे इथं."

ती वर गेली नाही, जिन्यातच बसली. नवरा तिच्याजवळून पुढे गेला, दोन पायऱ्या चढला, थांबला. "मला तरी सांगायचं होतंस," तो म्हणाला, "मी तिला समजावत बसलो." आणि वर गेला. खालून काकांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मधे एकदा घंटी वाजली. दोनदा.

बऱ्याच वेळाने खारू वर आली. आई सरकली, जागा केली. खारू बसली नाही. तिच्याहून एक पायरी खाली उभी राहिली, म्हणजे दोघींचे डोळे समोरासमोर आले.

"म्हणजे मी नाही केलं?"

"नाही. मी केलं."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"डॉक्टर मला रागावले तेव्हा पण?"

"हो."

खारूने विचार केला. तिचा चेहरा लाल होत गेला, कान लाल झाले. आईने हात पुढे केला, तो तिने बाजूला केला. रागाने झटकला नाही, नुसता बाजूला केला, गवताचं पान बाजूला करावं तसा.

"मग त्यांना सांग."

"काकांना सांगितलं ना."

"डॉक्टरांना. आणि बाईंना. त्यांना वाटतं मी केलं." मग थोड्या वेळाने, "तू एकटी जाऊ नकोस. मी ऐकणार आहे."

सोमवारी शाळेला निघायच्या आधी त्या दोघी दवाखान्यात पोचल्या. बाकावर कुत्री, मांजरं, एक ससा. खारूची आई मधोमध बसली, मांडीवर हात, हातात काहीच नाही. लोक आपापल्या जनावराला थोपटत तिच्याकडे बघत होते. शेजारी सशाची पेटी घेतलेल्या आजी होत्या. त्यांनी आधी बाकाखाली वाकून बघितलं, मग विचारलं, "तुमचं कुठंय?"

"नाही आणलं."

"मग औषधाला आलात?"

"नाही," ती म्हणाली. कान तापले होते. "डॉक्टरांना एक सांगायचंय."

आजींनी खारूकडे बघितलं. खारू बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती, आईपासून एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून. पाय जमिनीला टेकत नव्हते, तरी ते हलवत नव्हती.

कंपाउंडर बाहेर आला. हातातल्या यादीवर नजर टाकून म्हणाला, "तुम्ही या. पेशंट कुठंय?"

खारूच्या आईला उठायला वेळ लागला. ती उभी राहीपर्यंत खारू बाकावरून उतरली होती आणि आत जाऊन, पडदा एका हाताने बाजूला धरून, तिची वाट बघत होती.